इंग्रजीच्या वर्गांतील अमेरिकेचा इतिहास

आमच्या विद्यापीठांतून इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास शेक्सपियर व मिल्टन यांच्या जोडीला हॉथॉर्न, व्हिटमन, मार्क ट्वेन ही मंडळी भेटूं लागल्याला आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन वाङ्मयाला अभ्यासक्रमांत मानाचें पान मिळालें. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या आवारांत १९६४ सालीं अमेरिकन अध्ययनाचें एक मोठें केंद्र निघालें आणि त्याच्या ग्रंथसंग्रहाचा लाभ दूरदूरच्या प्राध्यापकांनीं घेतला. वाङ्मय आलें, तशी त्याच्या मागोमाग 'पार्श्वभूमि'ही आली. आमची तक्रार आहे ती या पार्श्वभूमीविषयीं.

ती कशी असते हें, एम. ए.च्या परीक्षेसाठीं तयार केलेलीं टिपणें ज्यानें चाळलीं आहेत, त्याला सांगावयास नको. १६२० सालीं मेफ्लॉवर जहाज निघालें. १७७६ सालीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला. १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. लिंकननें गुलाम मुक्त केले. पुढें यंत्रयुग, महायुद्धें, मंदी, आणि ज्याच्यावांचून एकही उत्तर पुरें होत नाहीं तें 'अमेरिकन स्वप्न'. चार पानांत तीनशें वर्षें! पंगतींत पानाभोंवतीं रांगोळी घालतात तशी ही पार्श्वभूमि असते. ती शोभेला असते, आणि जेवणाऱ्याचा तिच्याशीं कांहीं संबंध येत नाहीं.

इंग्रजीच्या विद्यार्थ्याला इतिहास सांगूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. उलट तो अधिक सांगावा, पण त्या विद्यार्थ्याच्या हातीं जें हत्यार आहे त्यानेंच सांगावा. तें हत्यार म्हणजे शब्द बारकाईनें वाचण्याची संवय. अमेरिकेची राज्यघटनाच घ्या. १७८७ सालीं ती रचणाऱ्यांत गुलामांचे धनी पुष्कळ होते. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना गुलामांच्या संख्येचे तीन पंचमांश धरावे, पळालेला गुलाम धन्याच्या स्वाधीन करावा, अशीं कलमें त्यांनीं तींत घातलीं. परंतु ती मूळ घटना आरंभापासून अखेरपर्यंत वाचली तरी 'गुलाम' हा शब्द तींत सांपडावयाचा नाहीं. 'इतर व्यक्ति', 'सेवेस बांधलेली व्यक्ति' अशीं आडवळणें घेऊन सगळा विषय उरकलेला आहे. गुलामगिरीचें नांव घटनेंत प्रथम आलें तें १८६५ सालीं, तेराव्या दुरुस्तीनें ती रद्द करतांना. आणि तेंही गुन्ह्याच्या शिक्षेपुरता अपवाद ठेवून. आमच्या घटनेच्या सतराव्या कलमांत अस्पृश्यतेचें नांव सरळ घेऊन ती नष्ट केली आहे, हें याच्या शेजारीं ठेवून पाहावें. पर्यायोक्त कशास म्हणावें, आणि माणसें त्याचा आश्रय केव्हां करतात, हें या एका दस्तऐवजावरून जितकें समजेल तितकें व्याख्या पाठ करून समजणार नाहीं.

कादंबरीचीही तीच गोष्ट आहे. मार्क ट्वेननें 'हकलबेरी फिन' १८७६ सालीं लिहावयास घेतली, मध्येंच बाजूला टाकली आणि १८८३ सालीं पुरी केली. कथा यादवी युद्धापूर्वींची, परंतु लेखणी युद्धानंतरची. शेवटच्या प्रकरणांत जिम हा पळालेला गुलाम एका खोपटांत कोंडला जातो. टॉम सॉयर त्याच्या सुटकेसाठीं दोरीची शिडी, उंदीर, साप, रक्तानें लिहिलेली दैनंदिनी असा कादंबरीछाप पोरखेळ मांडतो. आणि अखेरीस कळतें कीं जिमच्या धनिणीनें मरतांना त्याला केव्हांच मुक्त केलें होतें, आणि टॉमला तें ठाऊक होतें. या भागावर 'शेवट सैल पडला आहे' असा शेरा मारून वर्ग पुढें सरकतो. खुद्द हेमिंग्वेनें १९३५ सालीं वाचकास तेथपर्यंत न जाण्याचा सल्ला दिला होता. परंतु लेखक हें पुस्तक लिहीत असतां त्याच्या देशांत काय घडत होतें तें पाहावें. युद्धानंतरचीं दहा-बारा वर्षें दक्षिणेंतले मुक्त झालेले पुरुष मत देत होते, विधिमंडळांत बसत होते. १८७० सालीं हायरम रेव्हेल्स हा कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटचा सभासद झाला. १८७६ सालची अध्यक्षाची निवडणूक वादांत सांपडली, १८७७ सालीं तडजोड झाली, तिच्या पोटीं संघसरकारचें सैन्य दक्षिणेच्या राजकारणांतून निघून गेलें, आणि कागदावर स्वतंत्र असलेला माणूस पुन्हां खोपटांत गेला. लुइझियाना संस्थानांत १८९६ सालीं १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ सालीं ते सुमारें १,३०० उरले! मुक्त असूनही कोंडलेला जिम ही या कैदेची छाया आहे, असें कांहीं अमेरिकन टीकाकारांनीं म्हटलें आहे आणि आम्हांस तें पटतें. शेवट सैल असेलही; पण तो निरर्थक नाहीं. या दहा-बारा वर्षांना आमच्या टिपणांत बहुधा एक ओळही मिळत नाहीं. 'लिंकननें गुलाम मुक्त केले' येथें पूर्णविराम पडतो.

हा पूर्णविराम इतरत्र पडला तर एक वेळ चालेल. छत्रपति संभाजीनगरांत तो पडूं नये. हें शहर औरंगाबाद या नांवानें ओळखलें जात असतां, १९५० सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें जें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें. त्याचे एक प्राचार्य म. ना. वानखेडे हे इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेंतून परत आल्यावर त्यांनीं तेथील निग्रो वाङ्मयाकडे (तेव्हां हाच शब्द रूढ होता, आतां तो मागें पडला, हें बरेंच झालें) मराठींतल्या नव्या लेखकांचें लक्ष वेधलें. गंगाधर पानतावणे यांचें 'अस्मितादर्श' याच शहरांतून निघालें. लातूरचे जनार्दन वाघमारे, तेही इंग्रजीचेच प्राध्यापक, यांनीं त्या वाङ्मयाचा व संस्कृतीचा परिचय मराठींत ग्रंथरूपानें करून दिला. मुंबईंत १९७२ सालीं दलित पँथर स्थापन झाली, ती अमेरिकेंतल्या ब्लॅक पँथरचें नांव घेऊन. इंग्रजीच्या प्राध्यापकांनीं हा इतिहास मराठीला दिला. इंग्रजीच्या वर्गानें मात्र तो मराठीकडून परत मागून घेतला नाहीं.

मागून घ्यावयाचा म्हणजे काय, तें सांगतों. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेंतल्या सज्जन लोकांस अर्पण केली, हें आमच्या घरोघरीं ठाऊक असतें. ती अर्पणपत्रिका इंग्रजींत आहे, हें तितकें ठाऊक नसतें. मराठी लेखकानें अमेरिकेच्या इतिहासावर लिहिलेलें इंग्रजी गद्य! इंग्रजीच्या वर्गाला याहून हक्काचा उतारा कोणता? ती लिहिली गेली तेव्हां दक्षिणेंतले मुक्त लोक मत देत होते. फुल्यांनीं जी अमेरिका पाहिली ती आशेची अमेरिका होती, आणि तिचें उदाहरण त्यांनीं आपल्या देशबांधवांपुढें ठेवलें, तें त्यांना शरमविण्यासाठींही होतें.

आतां याच्या शेजारीं आंबेडकरांचा १९४५ सालचा ग्रंथ ठेवावा. काँग्रेस व गांधी यांनीं अस्पृश्यांसाठीं काय केलें, याची झडती घेतांना त्यांनीं लिंकनचें धोरण तपासलें आणि युद्धानंतर निग्रोंची जी गति झाली ती अस्पृश्यांनीं विसरतां कामा नये, असें बजावलें. फुल्यांना जो देश कित्ता वाटला, तोच आंबेडकरांना धोक्याचा इशारा वाटला. दोघेही बरोबर होते. मध्यें १८७७ साल उभें आहे. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत होते. युद्धोत्तर दशक ही निग्रोंना नको तितकें देण्याची घोडचूक होती, असें प्रतिपादन करणाऱ्या इतिहासकारांचे अग्रणी विल्यम डनिंग हेही त्याच विद्यापीठांत शिकवीत होते. त्या मताचा मोठा समाचार ड्यू बॉइस यांनीं १९३५ सालीं घेतला, आणि १९४६ सालीं त्याच ड्यू बॉइस यांना आंबेडकरांनीं पत्र लिहिलें. ही सांखळी ज्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे त्याला टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' ही १९८७ सालची कादंबरी उघडतांना रांगोळीची गरज भासणार नाहीं.

शिवाय येथल्या विद्यार्थ्याला कागद आणि अंमल यांतलें अंतर परकें नाहीं. ज्या विद्यापीठांत तो बसतो त्याला आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळांत १९७८ सालीं झाला. त्यानंतर मराठवाड्यांत दलित वस्त्यांची जाळपोळ झाली, माणसें मारलीं गेलीं. आणि नांव प्रत्यक्षांत लागलें १९९४ सालीं.

मात्र येथें एक पथ्य पाळलें पाहिजे. जात म्हणजेच वर्ण, हरिजनवाडा म्हणजेच हार्लेम, असें समीकरण मांडून मोकळें होण्याचा मोह उत्साही विद्यार्थ्याला फार होतो, आणि शिक्षकही त्यावर खूष होतो. आंबेडकरांनीं हा सोपा मार्ग घेतला नाहीं. गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना करतांना त्यांनीं भेदावरच बोट ठेवलें: गुलाम ही धन्याची मालमत्ता असल्यामुळें त्याच्या जिवाची धन्याला स्वार्थापुरती तरी काळजी असे, अस्पृश्याच्या वांट्याला तीही आली नाहीं. अशी तुलना करावयास दोन्ही इतिहास तपशिलानें ठाऊक असावे लागतात.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्यांचें इंग्रजी कच्चें, तास थोडे, आणि शिक्षक कांहीं इतिहासाचा पदवीधर नव्हे. तास थोडे आहेत खरे. पण घटनेचीं दोन कलमें, एक अर्पणपत्रिका आणि एका ग्रंथांतलीं कांहीं पानें यांना तास कितीसे लागतात? कच्च्या इंग्रजीला तर असे लहान उतारेच मानवतात. राहिली परीक्षा, कारण आमच्याकडे जें विचारलें जात नाहीं तें शिकविलेंही जात नाहीं. तेव्हां प्रश्नपत्रिकेंत 'अमेरिकन स्वप्ना'वरील निबंधाच्या जागीं १८७३ चा आणि १९४५ चा असे दोन उतारे छापावे, आणि या दोहोंमधल्या बहात्तर वर्षांत अमेरिकेंत काय घडलें म्हणून दोन लेखकांचा सूर इतका बदलला, एवढेंच विचारावें.