नळीच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट

रॉनी बॅरेटची गोष्ट मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना पहिल्यांदा ऐकली आणि लगेच तिच्या प्रेमात पडलो. बॅरेट हा अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला, मर्फ्रीस्बरो गावचा फोटोग्राफर. १९८२च्या सुरुवातीला तो नदीतल्या एका गस्ती बोटीचे फोटो काढत होता. बोटीवर दोन ब्राउनिंग मशीनगन होत्या, १२.७ मिलिमीटरच्या, म्हणजे बरोबर अर्ध्या इंचाच्या. त्याच्या डोक्यात आलं, की हीच गोळी एका माणसाला खांद्याला लावून झाडता येईल अशी रायफल का नसावी? तीही सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सुटेल आणि पुढची आपोआप चढेल.

त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, बंदुका बनवायचा अनुभवही नव्हता. त्याने घरी टेबलावर हाताने चित्रं काढली. मशीन शॉपवाल्यांनी त्याला परत पाठवलं; कल्पना एवढी चांगली असती तर तुझ्याआधी कुणीतरी हुशार माणसाने केली नसती का, असं त्यांचं म्हणणं. शेवटी टूल आणि डाय बनवणारा एक कारागीर तयार झाला. खडी टाकलेल्या जमिनीच्या एका गॅरेजमध्ये पहिला नमुना उभा राहिला. १९८९मध्ये स्वीडनच्या लष्कराने त्या रायफली घेतल्या, पुढच्या वर्षी अमेरिकी मरीन्सनी. २०१६मध्ये टेनेसीने बॅरेटला चक्क 'राज्य रायफल' म्हणून जाहीर केलं. आपल्याकडे शेकरू राज्यप्राणी आहे, तसं.

कुडव्यातल्या माझ्या खोलीत बसून ऐकताना या गोष्टीत मला मीच दिसत होतो. छोटं गाव, कुणी ओळखत नाही, हातात फक्त एक कल्पना आणि समोर 'हे होणार नाही' म्हणणारे लोक. आज कोड लिहून पोट भरतो, तरी गॅरेजमधून निघालेल्या कंपन्यांच्या गोष्टी अजून तशाच आवडतात. पण घरी बनवलेल्या बंदुकीची गोष्ट सांगायचा हा जो एक साचा आहे, त्याच्याबद्दल मला आता तक्रार आहे. तीच इथे मांडतो.

साचा असा: कल्पना, नकार, सुटे भाग, जुळणी, बिघाड, दुरुस्ती आणि शेवटी मैदानावर पहिला बार. बार झाला की गोष्ट संपली. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर 'माझ्या मशीनवर चालतंय'. आमच्या धंद्यात हे वाक्य विनोदी समजलं जातं, कारण खरी कटकट त्यानंतर, दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर सुरू होते. बंदुकीच्या गोष्टीत मात्र याच वाक्यावर टाळ्या पडतात.

त्या टाळ्यांनंतरचं एक पान उत्तर आयर्लंडचं आहे. १९९०च्या दशकात साउथ आर्माघ भागात आयआरएच्या बंदूकबाजांकडे बॅरेट रायफली पोचल्या होत्या. रस्त्याकडेला पाट्या लागायच्या, 'स्नायपर काम करतो आहे' अशा अर्थाच्या; 'रस्त्याचे काम चालू आहे' या पाटीसारख्या. १२ फेब्रुवारी १९९७ला बेसब्रूकच्या चेकपोस्टवर स्टीफन रेस्टोरिक नावाचा २३ वर्षांचा ब्रिटिश सैनिक गाडीतल्या एका बाईंना त्यांचं लायसन्स परत देत होता. तेवढ्यात गोळी लागली. गॅरेजच्या गोष्टीत त्या चेकपोस्टला जागा नाही. बॅरेटने त्याला मारलं, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की एखाद्या वस्तूचं चरित्र लिहायचं तर तिने काय केलं तेही लिहावं लागतं. पुलाच्या चरित्रात आपण त्यावरून कोण गेलं ते लिहितोच.

सिनेमाने हे जमवलंय का? थोडंफार. 'द हर्ट लॉकर'मध्ये वाळवंटातला एक लांबलचक प्रसंग आहे. बॅरेट झाडणारा माणूस मेलाय, त्याची जागा दुसऱ्याने घेतलीय आणि रायफल अडकते, कारण काडतुसांना रक्त लागलंय. एक सैनिक थुंकीने एकेक काडतूस पुसतो. यंत्र आणि माणूस यांच्यातला संबंध इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. पण तिथेही रक्त दिसतं ते झाडणाऱ्या बाजूचं. समोरची माणसं लांबच्या खिडकीतले, उन्हात थरथरणारे ठिपकेच राहतात. एवढ्या संवेदनशील चित्रपटाचा कॅमेराही शेवटी दुर्बिणीच्याच बाजूला बसतो.

'गँग्स ऑफ वासेपूर'ने वेगळी वाट धरली. तिथली हत्यारं ऐनवेळी दगा देतात. दुसऱ्या भागात डेफिनेटचं पिस्तूल भर रस्त्यात अडकतं आणि खुनाचा प्रयत्न पळापळीत बदलतो. आपण हसतो, आणि अनुराग कश्यपला ते हसूच हवं आहे, कारण त्याने गावठी कट्ट्याची सगळी ऐट काढून टाकली. माझी अडचण त्यापुढची आहे. अडकणारं हत्यार विनोदी ठरतं तेव्हा फुटणारं हत्यार आपल्या डोळ्यांसमोरून निसटतं.

ते मला निसटू देता येत नाही, कारण माझ्या मामांच्या डाव्या हाताला अडीच बोटं आहेत.

मामांचं गाव सालेकसा तालुक्यात, जंगलाला लागून. तिकडे 'भरमार' हा शब्द 'रेलचेल' या अर्थाने फारसा वापरत नाहीत. भरमार म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, गावातच कुणीतरी बनवलेली. धानात रानडुकरं शिरतात, म्हणून ती असायची. एका रात्री मामांच्या हातातली नळी फुटली. 'आवाज आला, आन् मंग हात दिसलाच नाही,' एवढंच ते सांगतात.

त्या बंदुकीच्या कारागिराचं नाव घरात कुणी घेत नाही. आमच्याकडे घरगुती बंदुकीची गोष्ट ज्या प्रकारात लिहिली जाते, त्याचं नाव आहे पंचनामा. १५ ऑक्टोबर २०२५ला गडचिरोलीत माओवादी नेता भूपती ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. एकूण ५४ शस्त्रं जमा झाली आणि बातम्यांत त्यांची मोजदाद आली: एके ४७ इतक्या, इन्सास इतक्या. लहानपणापासून अशा याद्या वाचत आलोय. बहुतेकदा सगळ्यात खाली भरमार असते. तिला ना कंपनी, ना मॉडेल, ना चित्र काढणारा कुणी.

मग मोह होतो, की आपल्या कारागिरालाही बॅरेट करावं. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, आपल्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून उमर्टी गाव आहे. तिथली काही शिकलगार कुटुंबं पिस्तुलं बनवतात. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी तिथे छापा घालून भट्ट्या मोडल्या. शिकलगार म्हणजे मुळात हत्यारांना पाणी देणारे, पाजळणारे. तिकडे गॅरेजवाला संशोधक ठरतो आणि इकडे भट्टीवाला आरोपी. अमेरिकेत स्वतःपुरती बंदूक बनवायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात २०१९ला झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बनवण्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. या तफावतीवर एक जळजळीत लेख सहज लिहिता येईल. मी अर्धा लिहिलाही होता.

तो पुसला, कारण त्यातही तीच चूक होती. मी फक्त नायक बदलत होतो आणि साचा तोच ठेवत होतो. उमर्टीच्या भट्टीतलं पिस्तूल पुण्याच्या एखाद्या गल्लीत कुणावर तरी झाडलं जातं. त्या कुणाला माझ्या लेखात जागा नव्हती. गॅरेजची गोष्ट निशाण्यावरच्या माणसाला विसरते, पंचनामा बनवणाऱ्याला विसरतो. बनवणाऱ्याला नाव देऊन पहिली चूक सुटत नाही.

मागच्या दिवाळीत मामा कुडव्याला आले होते. मी त्यांना मोबाईलवर बॅरेटचा एक व्हिडिओ दाखवला. मैदान, धूळ, लांबवरच्या लोखंडी पाटीवर टण्ण. मामांनी पूर्ण पाहिला. मला वाटलं, आवाजाबद्दल किंवा नळीबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारलं, 'लागली कोनाले?'

'कुणाला नाही मामा, पाटी आहे ती.'

'मंग बनवली कायले?'

मी सांगू लागलो, की आव्हान म्हणून, कल्पना म्हणून, लोक नाही म्हणाले म्हणून. मामा ऐकत होते. अडीच बोटांनी त्यांनी चकलीचा तुकडा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि टीव्हीकडे वळले.