'माफ' आणि 'साफ' : कुरआनातील क्षमाविचार आणि मराठवाड्याचे शब्दधन

इस्लाममधील नीतिविचाराचे मराठीत विवेचन करू लागताच लेखकाच्या लेखणीतून 'क्षमा' हा शब्द सहज उतरतो. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे, आणि हे अपुरेपण केवळ भाषांतराच्या सोयीगैरसोयीचे नाही. संस्कृत 'क्षम्' या धातूचा मूळ भाव सहन करण्याचा, समर्थ असण्याचा आहे. पृथ्वीलाही 'क्षमा' हे नाव मिळाले आहे, ते ती सर्व काही सोसते म्हणून. या शब्दात सोसणाऱ्याचे मोठेपण आहे. ज्याने अपराध केला त्याच्याकडे, किंवा त्या अपराधाने जे मोडले त्याकडे, या शब्दाची दृष्टी विशेष वळत नाही. कुरआनातील क्षमाविचार 'क्षमा' या एकाच मापाने मोजला असता त्याचा अर्धा भाग मापाबाहेर राहतो.

वस्तुतः हा उरलेला भाग सांगणारा शब्द मराठीपाशी आहेच. नांदेड-लातूरकडचा शेतकरी 'सारा माफ झाला', 'कर्जमाफी मिळाली' असे म्हणतो. कर्जाला कोणी क्षमा करीत नाही. कर्ज माफ होते. 'माफ' हा शब्द अरबी 'अफ्व' या शब्दाच्याच मूळातून आलेला असून, देणे खरे आहे, ते मागण्याचा हक्क धनकोला आहे आणि तो हक्क त्याने आपण होऊन सोडला आहे, इतक्या गोष्टी त्यात गृहीत असतात. देणेच नाकारले तर माफीला अर्थ उरत नाही. कुरआनातील विचाराचा पाया हाच आहे, आणि अडचणीतील ऋणकोला मुदत द्यावी, देणे सोडून दिल्यास ते अधिक चांगले, हा आदेश (सूरा २, आयत २८०) तर व्यवहाराच्या याच भाषेत आला आहे.

कुरआनात या संदर्भात प्रामुख्याने तीन शब्द येतात : अफ्व, सफ्ह आणि मगफिरत. अफ्व म्हणजे पुसून टाकणे. वाळूवरील पाऊलखुणा वारा पुसतो, तेव्हाही अरबीत हाच धातू योजतात. सफ्ह म्हणजे दोषाकडून तोंड फिरवणे, त्याची उजळणी न करणे. पृष्ठ या अर्थाचा 'सफा' हा उर्दू शब्द याच कुळातला. मगफिरतीच्या मुळाशी झाकणे, संरक्षक आवरण घालणे हा भाव आहे, आणि शिरस्त्राणाचे एक अरबी नावही त्यातूनच निघाले आहे. दंडाचा हक्क सोडणे, मनातील टोचणी सोडणे आणि अपराध्याची लाज राखणे अशा या तीन पायऱ्या होत. सूरा ६४ मधील चौदाव्या आयतीत, पत्नी आणि मुले यांच्याविषयी सांगताना, तिन्ही क्रियापदे ओळीने आलेली आहेत. घरातल्या माणसांना क्षमा करताना एक पायरी पुरत नाही, हा अनुभव त्या क्रमामागे दिसतो.

तथापि या पायऱ्या चढण्यापूर्वी कुरआन हक्काची नोंद करते. सूरा ४२ मधील चाळिसाव्या आयतीत अपकाराचा बदला तेवढ्याच अपकाराने, हे तत्त्व आधी मांडले आहे. नंतर जो माफ करील आणि संबंध सुधारील त्याचे फळ ईश्वराकडे आहे, असे म्हटले आहे. आणि लगेच पुढच्या आयतीत, अन्याय झाल्यावर ज्याने प्रतिकार केला त्याला दोष नाही, असेही सांगितले आहे. येथे क्षमा श्रेष्ठ ठरते, पण सक्तीची ठरत नाही. वधाच्या संदर्भातील विधानात (सूरा २, आयत १७८) तर माफ करणारा वारस हा अपराध्याचा 'भाऊ' म्हणून उल्लेखिला आहे, आणि त्याच दमात अपराध्याने नुकसानभरपाई चांगुलपणाने पोचती करावी, अशी अपेक्षा आहे. बंधुत्वाने देणे बुडत नाही, देण्याने बंधुत्व तुटत नाही.

या शिकवणीची कसोटी एका घटनेत पाहावयास मिळते. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्यावर किटाळ आले, तेव्हा ते पसरविणाऱ्यांत त्यांचे पिता अबू बक्र यांचा मिस्तह नावाचा एक गरीब नातलगही होता. त्याचा चरितार्थ अबू बक्र यांच्याच मदतीवर चाले. ती मदत बंद करण्याची शपथ त्यांनी घेतली. त्यावर सूरा २४ मधील बाविसावी आयत अवतरली, असे परंपरा सांगते : संपन्नांनी अशी शपथ घेऊ नये, माफ करावे, दुर्लक्ष करावे, ईश्वराने आपल्याला क्षमा करावी असे त्यांना वाटत नाही काय? अबू बक्र यांनी मदत पुन्हा सुरू केली. किटाळ खोटे होते, हे त्याच सूरेत निःसंदिग्धपणे जाहीर झालेले आहे. आधी सत्याचा निवाडा, मग माफी, असा हा क्रम आहे. यूसुफाच्या कथेतही (सूरा १२) भाऊ आपला अपराध कबूल करतात, त्यानंतरच यूसुफ त्यांना दोषमुक्त करतो, आणि इ. स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर पैगंबरांनी याच यूसुफवचनाचे स्मरण केले, अशी परंपरा आहे.

माफीचा संबंध साफ अंतःकरणाशी येतो तो येथे. संपत्ती आणि संतती जेथे कामी येत नाही तेथे निर्दोष हृदयच कामी येईल, असे इब्राहीमाच्या प्रार्थनेत (सूरा २६, आयती ८८-८९) म्हटले आहे. आणि श्रद्धावंतांविषयी मनात डूख राहू नये, अशी याचना सूरा ५९ मध्ये येते. सूफींनी या शुद्धीला 'तसफिया-ए-कल्ब' हे नाव दिले. निजामी राजवटीत उर्दू ही कचेरीची भाषा होती, आणि त्या भाषेत 'तसफिया' म्हणजे तंट्याचा निकाल, हिशेबाची तड. हृदयाची शुद्धी आणि तंट्याची तड यांना एकच शब्द असावा, हा केवळ योगायोग मानता येत नाही. ज्याचा हिशेब लपविलेला आहे ते मन साफ झाले, असे म्हणता येत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात साधनेला 'योगसंग्राम' म्हटले. मनःशुद्धी ही आपसूक घडत नाही, तीत आपल्याच विकारांशी झुंजावे लागते, हे त्या शीर्षकानेच सुचविले आहे.

इस्लामी धर्मशास्त्रात ईश्वराचे हक्क आणि माणसांचे हक्क असा भेद केला जातो. पहिल्यातील उणीव तोबा केल्याने भरून येते. दुसऱ्यातील उणिवेसाठी, ज्याचा हक्क बुडाला त्याच्याकडे जावे लागते. हजला निघणारा मनुष्य देणी फेडतो आणि शेजारीपाजारी, आप्तेष्ट यांच्याकडे 'कहा-सुना माफ करना' असे म्हणत जातो, तो याच जाणिवेने. कंधारच्या हाजी सय्या सरवर मगदूम यांच्या दर्ग्यात माथा टेकविणाऱ्या भाविकालाही शास्त्राच्या दृष्टीने ही वाट चुकवून पुढे जाता येत नाही.

मराठीतील इस्लामविषयक लेखनाने या मुद्द्याला पुरेसा न्याय दिलेला दिसत नाही. विनोबांचे 'कुराण-सार' हे या क्षेत्रातील मोलाचे कार्य होय. अरबी मूळ आत्मसात करून केलेली ती निवड आहे. परंतु विषयवार वेच्यांच्या पद्धतीत आयतीचा पूर्वापर संबंध मागे पडणे अपरिहार्य असते, आणि क्षमेच्या बाबतीत अर्थ त्या संबंधातच आहे. त्यापुढची पायरी म्हणजे सर्व धर्म अखेर एकच सांगतात, अशी गोड समजूत. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांनी धर्मग्रंथांचा विचार इतिहासाला धरून करण्याचा आग्रह धरला, तो अशा समजुतींवरील उतारा म्हणून आजही उपयोगी आहे. मात्र ऐतिहासिक चिकित्सेच्या भरात ग्रंथातील नैतिक आवाहन ऐकूच न येणे, हीही दुसऱ्या बाजूची उणीव ठरते.

मराठवाड्यापुरता हा प्रश्न पुस्तकी नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांनी या भागातील गावांवर अत्याचार केले. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली करीत असे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे घेतली, आणि लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. संपूर्ण हैदराबाद राज्यातील बळींचा समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. या दोन्ही दुःखांविषयी 'झाले गेले विसरून जावे' असा सल्ला आजवर बहुधा त्रयस्थांनी दिला आहे.

कुरआनातील विचाराच्या कसोटीवर हा सल्ला क्षमा ठरत नाही. हक्क ज्याचा, माफीही त्याचीच. तिसऱ्याला ती परस्पर देता येत नाही. खाते न उघडताच ते मिटले असे म्हणणे म्हणजे तसफिया नव्हे. उलट, खाते उघडून, रक्कम मान्य करून, मग स्वेच्छेने ती सोडणारा मनुष्य कुरआनाच्या दृष्टीने श्रेष्ठ आहे, आणि त्याच्यावर तशी सक्ती कोणी करू शकत नाही. मराठीने 'क्षमा' हा शब्द जरूर जपावा; त्यातील सोशिकतेचे मोल कमी नाही. परंतु आपल्याच शिवारात रुळलेला 'माफ' हा शब्द तिने विचाराच्या क्षेत्रातही आणला, तर सोसणाऱ्याच्या मोठेपणाबरोबर त्याच्या हक्काचीही नोंद होईल. तशी नोंद झाल्यावाचून मन साफ होत नाही.