दान की थकबाकी?

आजच्या विषयातला एक शब्द मला खटकतो, तिथूनच सुरुवात करतो. तो शब्द म्हणजे ‘दिलदारपणा’.

२०१७ साली नॉर्वेच्या फुटबॉल महासंघानं पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना सारखं मानधन द्यायचा करार केला. महिलांची रक्कम ३१ लाख क्रोनरवरून ६० लाखांवर गेली. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी आपल्या जाहिरातींच्या उत्पन्नातले साडेपाच लाख सोडले. जगभर कौतुक झालं ते या साडेपाच लाखांचं. आता हिशेब करून बघा. वाढ २९ लाखांची; खेळाडूंनी सोडलेला वाटा तिच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. त्यांनी केलं ते चांगलंच केलं, त्याबद्दल वाद नाही. पण कराराची बातमी दानाची बातमी कशी झाली?

ही सवय जुनी आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. सामना मदतनिधीसाठी होता. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबरला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. कारणं काय दिली? हा खेळ बायकांना योग्य नाही. आणि जमलेला पैसा खर्चातच फार जातो, दानाला कमी उरतो! पुरुषांना खेळण्याचे पैसे घ्यायची मुभा १८८५ पासूनच होती. घाम त्या मुलींचा आणि पुण्याचा आग्रह साहेबांचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली.

म्हणजे पुरुषानं घेतला तर तो पगार, सोडला तर औदार्य. बाईनं दिलं तर कर्तव्य, मागितलं तर हाव.

आणि प्रश्न नुसत्या पैशाचाही नाही. नॉर्वेचीच अदा हेगरबर्ग त्याच २०१७ मध्ये राष्ट्रीय संघातून बाहेर पडली. तिची तक्रार महिला फुटबॉलला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल होती. करार झाला तरी ती लगेच परतली नाही. २०१९ चा विश्वचषक तिच्याविना झाला. ती परतली २०२२ मध्ये.

तेव्हा पुढच्या वेळी अशी दिलदारपणाची बातमी वाचाल, तर टाळ्या जरूर वाजवा. पण वाजवता वाजवता एवढं विचारा, हे दान आहे की थकबाकी?