सौर वाहनतळ : अंतर आणि वेळ

महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय योजिली आहे. हा निकष अंतराचा आहे; सौर वाहनतळाचा निकष मात्र वेळेचा होय. ‘तळ’ या शब्दातच मुक्काम अभिप्रेत आहे. एका मोटारीवरील १२.५ चौरस मीटर छपराची सौर पॅनेले दिवसाकाठी सुमारे १० युनिटे, म्हणजे साधारण ६० किलोमीटर प्रवासापुरती वीज देतात. पण ती दिवसाच. वडगाव रासाईहून सकाळी शिरूरला गेलेले वाहन रात्री परतले, तर गावातील छप्पर त्यास थेट उपयोगी पडत नाही. दिवसाची वीज महावितरणाच्या जाळ्यात सोडता येते हे खरे. तथापि मग ‘सौर’ हे विशेषण हिशेबापुरते उरते. सबब असा तळ वाहन दिवसा जेथे थांबते, त्या कचेरीपाशी वा बाजार समितीपाशीच योजणे युक्त ठरेल.