घटिका भरत आली

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तुळशीचे लग्न तोंडावर आलेले असेल. ते एकदा लागले की लग्नसराईला तोंड फुटते, मंगल कार्यालयांचे भाव चढतात आणि पंचांग उशाशी घेऊन झोपणाऱ्या वधुपित्यांची संख्या वाढते. जुन्या लग्नांत मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवीत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. २४ मिनिटांत ती भरून बुडाली की एक घटिका झाली. वाटीत पाणी चढू लागले की गुरुजींचा आवाजही चढे, आणि ‘घटिका भरत आली’ या शब्दांसरशी मांडवात एकच धावपळ उडे.

अलीकडे काही मराठी घरांत या वाटीची जागा एका कागदाने घेतली आहे. मुलगी अमेरिकेत शिकायला जाते. शिक्षण संपते, विद्यार्थिनी म्हणून राहण्याची मुदत सरत येते, आणि तिथल्याच एखाद्या नागरिकाशी तिचे लग्न ठरलेले असेल तर पंचांग बाजूला ठेवून त्या मुदतीकडे पाहतच तारीख धरावी लागते. कारण पत्नी या नात्याने कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा तर आधी पत्नी व्हायला हवे.

आमच्या परिचयातल्या एका घरी असेच झाले. फेब्रुवारीत मुलीने तिकडच्या सरकारी कचेरीत, दोन मैत्रिणींच्या साक्षीने, सही करून लग्न केले. यात चोरून काहीच नव्हते. नवरा मराठी आईबापांच्या पोटी तिकडेच जन्मलेला, दोन्ही घरांची संमती, साखरपुडाही झालेला. डिसेंबरात नाशकात थाटाचे लग्न व्हायचे होतेच. पण फोन खाली ठेवून मुलीच्या आईने मला विचारले, “भाऊजी, लग्न तर झालं. आता डिसेंबरात अंतरपाट धरायचा तो कशाला? नुसतं नाटक करायचं का?”

प्रश्न समीक्षकालाच विचारण्याजोगा होता, पण मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. घरी येऊन याच विषयाभोवती फिरणारे तीन इंग्रजी बोलपट पुन्हा पाहिले. त्या माउलीच्या प्रश्नाला ते कितपत भिडतात, ते आता पाहू.

पहिला बोलपट १९४१ चा, ‘होल्ड बॅक द डॉन’. दिग्दर्शक मिचेल लायझन. पटकथा चार्ल्स ब्रॅकेट आणि बिली वाइल्डर यांची. वाइल्डर हा हिटलरच्या राज्यातून निसटलेला ज्यू लेखक. अमेरिकेत प्रवेश मिळावा म्हणून १९३४ मध्ये तो स्वतः मेक्सिकोतील मेक्सिकाली या सीमेवरच्या गावी जाऊन थांबला होता, आणि ते थांबणे या बोलपटात उतरले आहे. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने देशोदेशींचा वाटा ठरवून टाकला होता. कथानायक इस्कोवेस्कू जन्माने रुमानियाचा. त्याच्या वाट्याची पाळी यायला काही वर्षे लागणार. सीमेवरच्या हॉटेलात अशीच वाट पाहणारी माणसे भरली आहेत. कुंपणापलीकडे अमेरिका डोळ्यांना दिसते, पण पाय टाकता येत नाही. मग मुलांची सहल घेऊन आलेल्या एका भोळ्या अमेरिकन शिक्षिकेला तो गाठतो आणि एका रात्रीत तिच्याशी लग्न लावून मोकळा होतो.

शार्ल बॉयेचा हा नायक लबाड आहे. पण त्याची लबाडी ज्या कोंडीतून जन्मली ती कोंडी वाइल्डरने अशी रंगवली आहे की आपण त्याला दोष देता देता थबकतो. ऑलिव्हिया डी हॅविलंडची शिक्षिका तर बोलपटाचे काळीजच. खरे कळल्यावरही ती अधिकाऱ्यापुढे त्याला उघडे पाडत नाही. मात्र इथे लग्न आहे ते फसवणुकीचे. प्रेम मागाहून येते आणि पाप धुऊन काढते. ज्यांचे प्रेम आधीपासून खरे आहे आणि तरीही ज्यांना घाई करावी लागते, अशांना या कथेत जागा नाही.

दुसरा बोलपट पीटर वेअरचा, १९९० चा ‘ग्रीन कार्ड’. न्यूयॉर्कमधील एका तरुणीला काचगृह असलेले घर हवे आहे आणि ते फक्त विवाहितांना मिळते. एका फ्रेंच माणसाला राहण्याचा परवाना हवा आहे. दोघे लग्न करतात आणि आपापल्या वाटेने जातात. पुढे सरकारी चौकशी मागे लागते आणि दोघांना नाइलाजाने एका घरात राहून एकमेकांची माहिती पाठ करावी लागते. गच्चीवर कपडे बदलून बदलून मधुचंद्राची खोटी छायाचित्रे काढतात, तो प्रसंग तर बहारीचा आहे.

परदेशी प्रेक्षकांना या कथेची गंमत वाटली ती तिच्या उलटेपणामुळे. आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम! आपल्या आज्यांना यात उलटे काय तेच कळले नसते. त्यांचे सगळे संसार याच क्रमाने झाले. शेवटच्या चौकशीत तो बिचारा बायकोच्या तोंडाला लावायच्या क्रीमचे नाव आठवण्यात फसतो. आपल्या मागच्या पिढीतला एकही नवरा या परीक्षेत उतरला नसता. बायकोचे नाव घ्यायलासुद्धा तो उखाण्याची वाट पाही!

विनोद सोडला तर वेअरने एक मर्म नेमके पकडले आहे. हा बोलपट येण्यापूर्वी चारच वर्षे, १९८६ मध्ये, अमेरिकेने खोट्या लग्नांविरुद्ध कायदा केला होता. लग्नाला २ वर्षे पुरी होण्याआधी परवाना मिळाला तर तो अटीवर, तात्पुरता. पुढे दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा आणि संसार खरा असल्याचे दाखवायचे. सरकार खरेपणा तपासणार तो बँकेच्या खात्यावरून, भाड्याच्या करारावरून, छायाचित्रांवरून. म्हणजे ज्या गोष्टी खोट्याला जमवता येतात आणि खरा माणूस जमवायला विसरतो, त्यांवरून. वेअर हे दाखवतो आणि हसतो. पण त्याचेही जोडपे सुरुवातीला खोटेच आहे.

तिसरा बोलपट आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळ येतो. २०११ चा ‘लाइक क्रेझी’, दिग्दर्शक ड्रेक डोरेमस. त्या वर्षीच्या सनडान्स महोत्सवात त्याला ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. संवाद बव्हंशी नटांनी आयत्या वेळी रचले असल्यामुळे बोलणे अडखळते, अर्धवट राहते, आणि म्हणूनच खरे वाटते. ॲना ही इंग्रज मुलगी लॉस एंजेलिसमध्ये शिकते. जेकब हा तिथलाच, खुर्च्या-टेबले घडवणारा. शिक्षण संपते. व्हिसाची मुदत संपायच्या आत तिने मायदेशी जायला हवे. पण एका उन्हाळ्यापुरती ती राहून जाते. पुढे घरच्या एका कार्याला इंग्लंडला जाऊन परत येते तेव्हा विमानतळावरून तिला माघारी धाडतात. मग समुद्राच्या दोन बाजूंना दोघे. मधे दुसरी माणसे येतात. शेवटी कागदाची अडचण सुटावी म्हणून इंग्लंडमध्ये, तिच्या आईवडिलांच्या समोर, ती दोघे लग्न करतात. तरीही व्हिसा मिळत नाही. मिळतो तेव्हा एकमेकांची ओढ विटून गेलेली असते.

नियम मोडला तो उन्हाळा डोरेमसने कसा दाखवला आहे ते पाहण्यासारखे आहे. वरून टिपलेला बिछाना, त्यात झोपलेली दोघे, कुशी बदलत जातात आणि काही क्षणांत सारा उन्हाळा सरतो. घटिकापात्र असे आवाज न करता भरते. फेलिसिटी जोन्स आणि अँटन येल्चिन यांनी पुढची सारी वर्षे या काही क्षणांच्या जोरावर पेलली आहेत. या विषयावरचे इतके हळुवार चित्रण मी दुसरे पाहिलेले नाही.

आणि तरीही माझी तक्रार याच बोलपटाविषयी आहे. प्रेक्षक बाहेर पडतो तो असे मनाशी घेऊन की कागदाने प्रेमाचा बळी घेतला. पण जरा नियम पाहा. जेकब अमेरिकेचा नागरिक. ॲना रीतसर व्हिसा घेऊन देशात शिरलेली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे अशा पत्नीची मुदत उलटून गेली असली तरी देशात राहूनच कायम वास्तव्याचा अर्ज करता येत असे. नागरिकाच्या पतिपत्नींना वार्षिक वाट्याची मर्यादाही नव्हती. म्हणजे त्याच उन्हाळ्यात, लॉस एंजेलिसमध्येच त्यांनी लग्न केले असते तर पुढची फरपट बहुधा टळली असती. मुदतीपुढे राहणे ही चूक होतीच. पण घातक ठरले ते लग्न न करता देशाबाहेर पाऊल टाकणे. पुढे लग्न केलेच, तेही कागदासाठीच केले, पण उशिरा आणि सागराच्या चुकीच्या किनाऱ्यावर केले. घाईने त्यांचे वाटोळे केले नाही. घाई करायला लाजल्याने झाले. हे बोलपटाला दिसत नाही, कारण कागदाने धरलेल्या तारखेचे लग्न म्हणजे थोडे हिणकसच, ही समजूत त्याने मनात पक्की धरली आहे.

यावर कुणी म्हणेल, तारखेच्या धाकाने लग्न केले असते आणि ते टिकले नसते तर? आक्षेप रास्त आहे. मन तयार नसताना केवळ मुदत भरली म्हणून बोहल्यावर चढणारे पस्तावतात. पण म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. लग्न करायचे की नाही, हा एक. केव्हा करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कागदाने देता कामा नये. दुसऱ्याचे दिले तर बिघडले काय?

नवल असे, की हा विवेक बोलपटांना नसला तरी न्यायालयाला आहे. कोरियाहून आलेल्या एका गृहस्थाच्या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले, की लग्न करताना दोघांच्या मनात एकत्र संसार करण्याचा हेतू होता की नाही, एवढेच पाहायचे. पुढे ती वेगळी राहिली, एवढ्यावरून लग्न खोटे ठरत नाही.

आणि आपण तरी लग्नाची तारीख मनाच्या लहरीवर कधी सोडली? चातुर्मास आला, थांबा. गुरू सिंह राशीत गेला, थांबा. घरात कुणी गेले, तर वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षे थांबा. आजी अंथरुणाला खिळली आहे, तिच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ द्या. या घाईला आपण कधी नाटक म्हटले नाही. नवरानवरीचा जीव जडला असो वा नसो, वाटी बुडाली की अंतरपाट दूर झालाच. तारीख बाहेरून येते, संसार आतून येतो, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. फक्त पंचांगाच्या जागी परक्या सरकारचा शिक्का आला म्हणून आपण बावरलो आहोत.

म्हणून मला वाटते, या विषयावरची खरी कथा अजून लिहिली जायची आहे, आणि ती मराठीत लिहिली जावी. या तिन्ही बोलपटांत दोन माणसे आणि एक सरकार आहे. आपल्या कथेत दोन कुटुंबे आहेत. नाशकात कार्यालय ठरले आहे आणि तिकडे अर्ज पडून आहे. बाहेर जाण्याची आगाऊ परवानगी हाती नसताना मुलगी विमानात बसली तर अर्ज सोडून दिला असे धरतात. दुसरीकडे, नोकरीच्या जोरावर ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला मुलगा आहे. कुठल्याही एका देशाला दरसालच्या परवान्यांपैकी ७ टक्क्यांहून अधिक द्यायचे नाहीत, या १९९० च्या कायद्यातील मर्यादेमुळे भारतीयांची ती रांग वर्षानुवर्षे हलत नाही. पण कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झाले तर बायको त्याच अर्जात येते. नंतर झाले तर तिची रांग निराळी. इतकी वर्षे ‘थांबा’ म्हणणारे वरपक्षाचे लोक एका सकाळी ‘पंधरा दिवसांत उरका’ म्हणतात, तेव्हा वधूच्या घरात जे होते त्यात तीन अंकी नाटकाचा ऐवज आहे.

त्या माउलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. परवानगी नोव्हेंबरात आली. डिसेंबरात नाशकात लग्न लागले. मंगलाष्टकांच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. अंतरपाट दूर झाला तेव्हा दहा महिन्यांपूर्वी कागदावर सही केलेली ती मुलगी रडली, आणि तिच्यामागे तिची आई. ते नाटक नव्हते, हे सांगायला मग समीक्षकाची गरज उरली नाही. आता त्या घरात वाद आहे तो एवढाच, की लग्नाचा वाढदिवस फेब्रुवारीचा धरायचा की डिसेंबरचा. जावई शहाणा आहे. तो दोन्ही धरतो.