क्रांतीचा धडा आणि कुलकर्णी वतन

शालेय इतिहासात फ्रेंच राज्यक्रांती कारणे, घटना, परिणाम या तीन रकान्यांत बसवली जाते. माझा आक्षेप या मांडणीला आहे. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार मोडीत काढले. पण शेतकऱ्यांची बरीचशी देणी मोबदल्याशिवाय माफ व्हायला १७९३ उजाडले. घोषणा आणि अंमल यांतले हे अंतर पाठात येत नाही. कोल्हापुरात ते शिकवायला घरचाच दाखला आहे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी आणले. तिकडे शेतकऱ्यांच्या उठावाने सभेचा हात धरला, इकडे राजानेच हुकूम काढला. गावचे दप्तर जन्माच्या हक्काने कोणाकडे का असावे, हा प्रश्न वर्गात विचारला नाही, तर मुलांना सनावळी पाठ होईल. क्रांती कळणार नाही.