सिंप्युटर खरेच काळाच्या पुढे होता का?

सिंप्युटरचे नाव काढले की जाणकार मंडळी एक ठरीव वाक्य ऐकवतात : ‘यंत्र उत्तम होते हो, पण काळाच्या पुढे होते!’ विज्ञान प्रदर्शनात एखाद्या मुलाने भारतीय संगणकांवर तक्ता केला, तर त्यातही हेच वाक्य सापडते. मला ते पटत नाही. त्यात यंत्राचे कौतुक आहे, कर्त्यांचे सांत्वन आहे. यंत्र का चालले नाही याचे कारण मात्र नाही.

यंत्र गुणी होते यात शंका नाही. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय या प्राध्यापकांनी ‘एन्कोर’ कंपनीतील अभियंत्यांच्या साथीने ते घडवले. १९९९ मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि एप्रिल २००१ मध्ये नमुना लोकांपुढे आला. ते तळहातावर मावत असे, लिनक्सवर चालत असे, पडद्याला लेखणी टेकवून वापरता येत असे आणि भारतीय भाषेतील मजकूर मोठ्याने वाचून दाखवत असे. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा इतका विचार त्या वेळी जगात फार थोड्यांनी केला होता. किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायची, आणि तीही एकट्याला परवडणार नाही म्हणून गावाने मिळून एक यंत्र घ्यायचे. प्रत्येकाजवळ फक्त स्वतःचे स्मार्ट कार्ड, अशी कल्पना होती.

आता तारखा पाहू. ‘अमिडा’ या नावाने यंत्र विक्रीला आले ते मार्च २००४ मध्ये, म्हणजे नमुन्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. सर्वांत स्वस्त प्रकार ९,९५० रुपयांचा आणि रंगीत पडद्याचा त्याच्या दुपटीने महाग. दरम्यान २००२ मध्येच अमेरिकेत पाम कंपनीचे छोटे हातसंगणक ९९ डॉलरना मिळू लागले होते. बाजाराच्या दृष्टीने सिंप्युटर काळाच्या पुढे नव्हता, त्याला उशीर झाला होता. विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही.

पण उशीर हे अर्धेच कारण. एक यंत्र अनेकांनी वापरण्याची कल्पना भारतात नवी नव्हती. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवा. तेथे फोन एकच, वापरणारे शेकडो. बूथवाला तो सांभाळत असे, कारण प्रत्येक कॉलमागे त्याला कमिशन मिळे. मीटर त्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर फिरत असे. शिवाय फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आधीपासूनच होते. सिंप्युटर गावात ठेवायचा तर तो कोणी विकत घ्यायचा, चार्ज कोणी करायचा, बिघडल्यास कोठे न्यायचा आणि या सगळ्यात सांभाळणाऱ्याला मिळायचे काय? यंत्राचा आराखडा फार बारकाईने झाला होता. या प्रश्नांची उत्तरे मात्र सरकारी खात्यांच्या मोठ्या मागणीवर सोडलेली दिसतात. ती मागणी अपेक्षेइतकी आली नाही. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी त्याचा वापर झाला, पण एवढ्याने कारखाना चालत नाही.

आणि माहिती? पिकांचे भाव वाचून दाखवणारे यंत्र असले, तरी रोज सकाळी ते भाव त्यात भरणारा कोणीतरी हवा. संगणकाचे यश यंत्राइतकेच त्यावर चालणाऱ्या कामावर ठरते, हे १९७९ मध्येच दिसले होते. त्या वर्षी ‘व्हिजिकॅल्क’ हा हिशेबाचा तक्ता ॲपल-२ संगणकावर आला आणि केवळ त्या तक्त्यासाठी लोक संगणक घेऊ लागले.

शिक्षकांना याचे जवळचे उदाहरण आहे. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पात आपल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. ब्रिटनमध्ये त्याच संगणकाच्या पाठीशी दूरचित्रवाणीवरील मालिका होती, पुस्तके होती, शाळांना सरकारी अनुदान होते. आपल्याकडे त्याबरोबर आलेल्या बऱ्याच आज्ञावली ब्रिटनमधील वर्गांसाठी रचलेल्या होत्या. यंत्र तेच, पण भोवतालचा संसार तिकडेच राहिला. (गंमत अशी, की सिंप्युटरमधील स्ट्राँगआर्म प्रोसेसरचे मूळ घराणे बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतलेच.)

मोबाईलने खेड्यात काय केले हे सिंप्युटरशेजारी ठेवून पाहावे. मे २००३ पासून येणाऱ्या कॉलला पैसे लागेनासे झाले. त्याच वर्षी नोकिया ११०० आला. त्याला रंगीत पडदा नव्हता, तो मराठीत बोलून दाखवत नव्हता. पण त्याला विजेरी होती, धूळ आत जाऊ नये असा कीपॅड होता आणि दुकानातून बाहेर पडताच मुंबईतल्या भावाशी बोलता येत होते. जगभर असे पंचवीस कोटींहून अधिक फोन विकले गेले. अमिडा बाजारात आला तेव्हा हा फोन आधीच दुकानात होता, आणि अमिडा स्वतः फोन नव्हता.